राखणदाराचा वाटा

हळर्णच्या कृष्णनाथाने आयुष्यात खऱ्या गोष्टी किती सांगितल्या, असं शेवंतीला कोणी विचारलं तर ती हाताची पाच बोटं पुढे धरते, त्यातली तीन मिटते आणि उरलेल्या दोनांकडे संशयाने बघत राहते. बेचाळीस वर्षं ती त्याच्याबरोबर संसार करते आहे, तेव्हा तिचं ऐकायला हवं. कृष्णनाथ वीस वर्षं डिचोलीच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवत होता. एकदा पहाटे त्याला डुलकी लागली, तर ट्रक आपला आपणच नदीवरच्या धक्क्यापर्यंत गेला, माल ओतून आला, खाणीच्या तोंडाशी उभा राहिला आणि ट्रकनेच हॉर्न वाजवून त्याला उठवलं, ही त्याच्या साठ्यातली सगळ्यांत साधी गोष्ट. मगरीच्या मानेवर जू ठेवून शेत नांगरल्याची गोष्ट तो फक्त पाहुण्यांसाठी राखून ठेवतो.

असा हा माणूस यंदाच्या डिसेंबरात खरं बोलला. त्याला ते करायला लावलं मिरचीने आणि सहाच्या पाढ्याने.

मिरचीचं असं. खाण बंद पडल्यावर कृष्णनाथ गावी येऊन शेतीला लागला. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की त्याच मळ्यात कालव्याच्या पाण्यावर मिरची. रोपं चाळीस दिवसांची झाली की आठवड्याभरात लावून मोकळं व्हायचं, नाहीतर ती जागच्या जागी ताडमाड होऊन माना टाकतात. दर वर्षी लावणीला चंदगडकडची मंगल आणि तिचा नवरा केरबा यायची. यंदा केरबाला मोप्याला एका बांधकामावर वर्षभराचं काम लागलं. मंगलही तिकडेच गेली, आणि तिने फोनवर कळवलं, "काका, औंदा जमायचं न्हाई बघा. पोराबाळांस्नी घ्या की हाताखाली."

घरातले हात तर मोजकेच. मुलगा दत्तप्रसाद बोटीवर स्वयंपाकी, तो मे महिन्यात येणार. सून सुविधा मोप्याच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा वजन करून घेते. तिची पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची. राहता राहिली शेवंती, कृष्णनाथ, कृष्णनाथाचा उजवा गुडघा, जो हल्ली वेगळा माणूस धरावा इतका आपल्या मर्जीने वागायचा, आणि दोन नातवंडं. सेजल तिसरीत. रुद्रेश पाच वर्षांचा, कुठल्याच कामाचा नाही आणि प्रत्येक कामात पुढे.

पाढ्याचं असं, की मंगलचा फोन आला त्याच संध्याकाळी सुविधा पाळीवरून आली ती पायातले बूट न काढताच सेजलची वही घेऊन कृष्णनाथासमोर उभी राहिली. कृष्णनाथ बांकावर बसून चहात उंडा पाव बुडवत होता. शेजारी सेजल तेच करत होती.

"बाबा, ह्यां वाचा," सुविधा म्हणाली. "सहा चोक अठ्ठावीस. तीन पाचे वीस. सात दुणे सोळा. धा गणितां, धाय चुकलेली. एक तरी चुकान बरोबर येवचां की नाय?"

"बायनी काय सांगला?"

"बाई बऱ्यो आसत. त्या म्हणतत, घरात कोणीतरी घेवन बसा. कोण बसतलां? ह्यांची बोट, माझी पाळी. ताई म्हणता तेका डिचोलीक धाड. तिच्याकडे सांजचीं पंधरा भुरगीं शिकूक येतत. शाळेतय थंयच घालुया म्हणता, नव्या सत्रापासून."

ताई म्हणजे सुविधाची थोरली बहीण गौरवी. बांकाखाली हलत असलेले सेजलचे पाय थांबले. कृष्णनाथाने चहात बुडवलेला उंडा तसाच बुडून राहिला आणि मऊ होऊन तळाला गेला.

"मागीर घरा केन्ना येतलां?"

"शनवार-आयतवार."

कृष्णनाथाने बशीत बघितलं. सकाळी गोठ्यात त्याच्या मागे, दुपारी मळ्यात त्याच्या पुढे, संध्याकाळी बांकावर त्याच्या शेजारी असा जो एक सारखा बडबडणारा जीव होता, तो शनिवारी येणार आणि रविवारी जाणार. पाहुण्यासारखा.

"मी शिकयतंय तेका," तो म्हणाला. "माका इल्लो वेळ दी."

आत शेवंती पेज ओतत होती. तिथून तिचा आवाज आला, "तुमी? तुमच्या बापायकडे म्हशी किती व्हत्यो तां तुमका अजून एकसारखा सांगूक येणा नाय."

सुविधा हसली नाही. दमून आली होती. "ह्या आयतवाराचो पुढलो आयतवार," ती म्हणाली. "ताई येतली. ती इचारतली. सेजलीन पाढे पाठ सांगल्यान तर रवांदी. नाय तर मी पिशवी भरतलंय, बाबा. मागीर तुमी माका काय सांगू नकात."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कृष्णनाथाने शेवंतीने भाजायला म्हणून जपून ठेवलेल्या काजूच्या बियांचा डबा तिला न विचारता खाली काढला आणि सारवलेल्या अंगणात ओतला.

"हो आमचो मळो," तो सेजलला म्हणाला. "ह्यो बियो म्हणजे मिरचीचीं रोपां. सा रोपांची एक ओळ. अशो चार ओळी लाय बघया."

सेजल उकिडवी बसली. जिभेचं टोक दातांत धरून ती एकेक बी ठेवत गेली. ओळी सरळ होत्या, मंगलच्या ओळींपेक्षा सरळ. रुद्रेशने शेवटच्या ओळीतली एक बी उचलून ट्रक म्हणून चालवायला घेतली, ती तिने त्याच्या मुठीतून परत काढली. मग सगळ्या मोजून झाल्या आणि ती म्हणाली, "अठ्ठावीस."

कृष्णनाथाने वाकून मोजलं. अठ्ठावीसच होत्या. प्रत्येक ओळीत सात.

"सा लाय म्हणान सांगलेला मां? ही सातवी खयसून इली?"

सेजलने त्याच्याकडे असं बघितलं, की बिचाऱ्याचं वय झालं. "आजो, पयली राखणदाराची मां? ओळीत ती मोजूची नसता."

कृष्णनाथाला आठवलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खळ्यावर तो पायलीने भात मोजत होता. मोजायला बसलं की पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं; लाभ, दोन, तीन, चार. सगळं गाव असंच मोजतं. पण मध्ये कुणाशी तरी बोलण्यात त्याची एक पायली चुकली. तो म्हणाला तीस, समोर बसलेली शेवंती म्हणाली एकतीस. शेवंतीचं बरोबर होतं आणि ते त्यालाही कळलं होतं. पण पहिलीतली सेजल दोघांच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा त्याने थाप ठेवून दिली: पहिली पायली मेरेवर, बांधावर राहून शेत राखणाऱ्या देवाची, राखणदाराची, म्हणून तिला लाभ म्हणायचं, आणि ती आपल्यात धरायचीच नसते. एका वर्षी एकाने ती धरली, तर राखणदाराने त्याचं सगळं भात एका रात्रीत तुसाचं करून ठेवलं. सेजलने डोळे मोठे करून ऐकलं होतं. शेवंती सूप झाडत उठून गेली होती.

त्याने आता वही मागवली. तीन पाचे वीस: तिनाच्या पाच ओळी, दर ओळीला राखणदाराचं एक. सात दुणे सोळा: तेच. दहाच्या दहा गणितांत पोरीने राखणदाराचा वाटा पैसुद्धा न चुकवता काढून ठेवला होता. इतका हिशेबी भक्त राखणदाराला पेडणे तालुक्यात दुसरा मिळाला नसता. कृष्णनाथ हसला, हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता त्याच्या लक्षात आलं की डिचोलीची पिशवी कोणी भरली असेल तर ती त्यानेच.

खरं सांगून टाकायचं ते तेव्हाच. पण सत्तरीला आलेल्या माणसाची सवय एका दुपारी जात नाही.

"सेजली, एक सांगूचां रवला," तो म्हणाला. "राखणदार आता म्हातारो झालो. दर ओळीतलां खावंक तेका झेपणा नाय. आता तो सगळ्या वाफ्याचां मेळान एकच घेता."

"कोणी सांगला?"

"तेणीच."

सेजलने मान हलवली, तीन ओळींतली एकेक बी उचलून डब्यात टाकली आणि पहिल्या ओळीतली राहू दिली.

त्या संध्याकाळी सुविधाने बूट काढता काढता विचारलं, "सहा चोक?"

"पंचवीस."

"तीन पाचे?"

"सोळा."

सुविधाने कृष्णनाथाकडे बघितलं. "काल अठ्ठावीस, आज पंचवीस. सांजच्या बाजारात भाजयेचो भाव उतरता तसां चल्लां ह्यां, बाबा."

"इल्लो इल्लो, पण उतरता हां," शेवंती म्हणाली. तिला सगळं कळून चुकलं होतं, आणि डब्यातल्या बियांचा राग तिने अजून काढायचा ठेवला होता.

रविवार गेला. सोमवारपासून रोपं उपटायला घ्यावी लागली, थांबणं शक्य नव्हतं. सकाळी आठलाच सेजलची शाळा, म्हणून सहाला दोघं मळ्यात. दव इतकं की रोपांच्या वाफ्यात हात घातला तर कोपरापर्यंत भिजे. कृष्णनाथ बोटं मातीत खोल घालून मुळं तुटणार नाहीत अशी रोपं काढायचा आणि सेजल ती केळीच्या सोपटाने बांधून जुड्या करायची. गुडघा दुखत होता. थंडीने तिचं नाक गळत होतं आणि ती ते खांद्याला पुसत होती.

"लाभ, दोन, तीन," ती पुटपुटत होती. मग एक रोप बाजूला ठेवायची आणि पुन्हा सुरू करायची.

बाजूला ठेवलेल्या रोपांचा एक लहानसा ढीग झाला होता. चांगली, जाड देठाची रोपं होती. कृष्णनाथ ती बघत राहिला.

"सेजली."

"हूं."

"राखणदार मिरची खायना."

"मग भात?"

"भातय खायना. वरसाक तेका आमी नारळ आनी रोट दितों, तां खरां. पण ओळीतलां पयलां रोप तेणी कधी मागूक नाय. तां मी सांगलंय."

"कित्या?"

मोप्याहून उठलेलं एक विमान डोक्यावरून गेलं. कृष्णनाथाला वाटलं, जरा हळू गेलं असतं तर बरं झालं असतं. ते गेलं. सेजल वाट बघतच होती.

"भात मोजताना माझी पायली चुकली," तो म्हणाला. "तुझी आजी सांगी तां बरोबर व्हतां. तुझ्यामुखार कबूल करूक माका लाज दिसली."

तिने हातातली जुडी बांधून पूर्ण केली. "म्हणजे लाभ म्हणजे एकच?"

"एकच. बरां दिसता म्हणान लाभ म्हणूचां. पण मोजताना तो धरूचोच."

"आनी तो मागे म्हातारो झालो तां?"

"तांय मीच."

तिने पुढची रोपं हातात घेतली. मग म्हणाली, "ट्रक?"

हे येणार हे त्याला माहीत होतं. "ट्रक माझोच व्हतो. डुलकी लागलेली, तीय खरी."

"मागीर?"

"मागीर गटारात गेलो. क्रेन हाडूक लागली."

"मगर?"

"मगर बघलेली आसा."

"खयसून?"

"लांबसून. पुलार्‌सून."

सेजलने बाजूला ठेवलेला ढीग उचलला, मोजला, त्याच्या जुड्या केल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन मेरेवरून चालू लागली.  दुपारी जेवताना बोलली नाही आणि संध्याकाळी बांकावर बसल्यावर रोज विचारायची ते "मागीर काय झालां, आजो?" विचारलं नाही.  चढावावर इंजिन बंद पडल्यावर जशी सगळीकडे शांतता होते, तशी ती संध्याकाळ गेली.

पण वहीत चोवीस होतं. पंधरा होतं. चौदा होतं. सुविधाने वही दोनदा खालपासून वरपर्यंत बघितली, मिटली आणि डिचोलीसाठी काढून ठेवलेल्या पिशवीत ठेवण्याऐवजी वर मेजावर ठेवली.

बरोबर येणं वेगळं आणि झटकन येणं वेगळं. चोवीस म्हणायला सेजलला चोवीस बिया एकेक करून मोजाव्या लागत. गौरवी तेवढा वेळ उभी राहणारी बाई नव्हे. आणि आता कृष्णनाथाकडे सांगायला काही उरलं नव्हतं, फक्त लावणी होती. म्हणून तो तिला लावणीतच ठेवू लागला. एक वाफा लावायचा आणि तोच अंगणात बियांनी मांडायचा. मळ्यात दमली की अंगणात, अंगणात कंटाळली की मळ्यात.

बुधवारी मोठं भांडण झालं. बियांच्या एका बाजूला सेजल बसली होती, दुसऱ्या बाजूला भिंतीकडे रुद्रेश.

"चार ओळी," सेजल म्हणाली.

"सा ओळी," रुद्रेश म्हणाला.

"चार रे. आडव्यो मोज."

"ह्योच आडव्यो. सा."

तिने त्याला ढकललं, त्याने तिच्या केसांना हात घातला. कृष्णनाथ काठी टेकत उठला, कुरकुरणारा गुडघा घेऊन बियांना वळसा घालून रुद्रेशच्या बाजूला गेला आणि खाली बसला. त्याने बोट नेऊन ओळी मोजल्या.

"हयसून सा ओळी आसत गो," तो म्हणाला. "ह्याचां खरां आसा."

सेजल वळसा घालून आली, बघितलं, परत आपल्या जागी गेली, बघितलं. असं तिने तीनदा केलं. बी एकही हलली नव्हती.

"म्हणजे सहा चोक आनी चार सक एकच वाफो?"

"एकच."

"मग माका चारचो येता म्हणजे साचो तितलो येताच." तिने वही ओढली आणि सुविधाने लिहून दिलेल्या पाढ्यांत, ज्यांची दुसरी बाजू आधीच येत होती त्या सगळ्यांवर काट मारत सुटली. अर्धंअधिक पान काटलं गेलं. असा बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा तिचा चवथीच्या लाडवांनीसुद्धा झाला नव्हता.

मग चारचा पाढा पक्का करायला दोघं भावंडं गोठ्यात गेली. घरच्या दोन गायींना आठ सड. ते पुरेनात म्हणून शेजारच्या महादेवाच्या पाच गायींकडे गेली, आणि खात्री करायला रुद्रेशला खाली वाकवलं, तेव्हा एका गायीने शेणाने भरलेली शेपटी त्याच्या तोंडावर अशी मारली की तो सात चोक अठ्ठावीस जन्मात विसरायचा नाही. शाळेत जायच्या आधीच त्याला तेवढं एक आलं.

पाचाची युक्ती मात्र तिने एकटीने काढली. लावताना पाच ओळी झाल्या की ती मेरेवर एक चिरा ठेवायची.

"चिरो कित्याक?" शेवंतीने विचारलं. ती मागून झारीने पाणी घालत येत होती.

"पाच ओळी माका मोजूच्यो लागणत नाय. पाचचे येतत. चिऱ्याच्या फुडल्योच मोजतंय आनी घालतंय."

शेवंतीने झारी खाली ठेवली, कंबर सरळ केली आणि नवऱ्याकडे बघितलं. "ह्यां तुमी शिकयल्यात?"

"नाय," कृष्णनाथ म्हणाला.

त्याने नाही म्हटल्यामुळे ती जास्त चकित झाली की पोरीच्या हुशारीने, ते कळायला मार्ग नव्हता. तिने झारी उचलली. शुक्रवारपर्यंत तिघांच्या नखांतली माती साबणाने निघेनाशी झाली होती, कृष्णनाथ रात्री कुशीवर वळताना भिंतीला धरत होता, आणि बारांपैकी दहा वाफे उभे राहिले होते. शनिवारी अकरावा झाला. सातचा आणि आठचा पाढा अजून सलग येत नव्हता. तो तोंडाने म्हणायला लावला की सेजल मध्येच कुठेतरी पाय घसरल्यासारखी थांबायची.

रविवारी तीनच्या सुमाराला गौरवीची स्कूटर मेरेपर्यंत आली. बाई स्वच्छ होती, नीट होती, आणि पोरांवर खरोखर माया करणारी होती; पण माया तिला घड्याळ लावून करायची सवय होती. चपला माखू नयेत म्हणून ती मेरेवरच उभी राहिली. सेजल शेवटच्या वाफ्याच्या अलीकडच्या वाफ्यात मेलेली रोपं बदलत होती. तिने हात वर करून मावशीला दाखवले, कारण चिखलाच्या हातांनी मिठी मारता येईना.

"सुविधा येतेच आहे, बसमधून उतरली म्हणाली," गौरवी म्हणाली. "तोवर आपण बघूया. सेजल, सात अठ्ठे?"

सेजल पायाशी बघत राहिली. त्या वाफ्यात सातसात रोपांच्या ओळी होत्या.

"पाच ओळींचे पस्तीस," ती म्हणाली.

"ओळी कसल्या गं? मी पाढा विचारते."

"रव मगे, मावशी. आनी तीन ओळींचे एकवीस. छपन्न."

"सात नवे?"

"धा ओळी सत्तर. एक काडली. त्रेसष्ट."

गौरवीने ओठ मिटून घेतले. उत्तरं बरोबर होती आणि तिला ती तशी येताना बघायची सवय नव्हती. "पेपरात तुला मळा कोण देणार?"

"पाठल्या पानार काडतंय."

"वेळ लागतो त्याला."

सेजलने मान हलवली. लागतो. मग गौरवी कृष्णनाथाकडे वळली. "मामा, पाढे पाठ आहेत का हिचे? खरं सांगा."

कृष्णनाथाच्या जिभेवर तेरापर्यंतचे पाढे तयार होते. तेराचा तर तिने झोपेत म्हटला, गाय ऐकून उठली, इथपर्यंत गोष्ट मनात जुळलीसुद्धा होती. सेजल वाफ्यात उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"साचे परयान आसत," तो म्हणाला. "सातचो आनी आठचो तोंडपाठ नाय. नवाचो धातलो काडून सांगता. आठ दिसांमुखार ह्यातलां काय येय नाय व्हतां."

शेवंती झारी हातात धरून जागच्या जागी उभी राहिली आणि पाणी एकाच रोपावर पडत राहिलं.

"म्हणजे पाठ नाहीत," गौरवी म्हणाली. रागाने नाही, डॉक्टर बोलतो तसं.

"नाय," कृष्णनाथ म्हणाला. आणि त्याला कळून चुकलं की आपण खरं बोलून पोर घालवली. आठवड्यात दुसऱ्यांदा खरं बोलला होता तो, आणि दोन्ही वेळा महाग पडलं होतं.

तेवढ्यात सुविधा आली. गणवेश, बूट, गळ्यात ओळखपत्र. बहिणीने मेरेवरूनच सांगितलं: उत्तरं येतात, तू म्हणालीस तसे पाठ नाहीत. सुविधाने मान डोलावली. तिचे डोळे मात्र बाराव्या वाफ्यावर होते. माती वर काढून तयार होती, ओल्या गोणपाटाखाली उपटलेली रोपं होती, आणि ऊन उतरायला लागलं होतं.

"ह्यां रवलां कित्याक?"

"माझो गुडघो बसता, पण उठणा नाय," कृष्णनाथ म्हणाला. "आज लाय नाय तर रोपां गेली."

सुविधाने बूट काढले, मोजे त्यात कोंबले, पँटच्या घड्या गुडघ्याच्या वर घेतल्या, ओळखपत्र पाठीवर टाकलं आणि चिखलात उतरली. थंड मातीने तिने श्वास ओढून घेतला. "हाड गो रोपां."

"आई, ओळीत सा. नव ओळी," सेजल म्हणाली. "किती दिऊ?"

सुविधा उभी राहिली. "सहा एके सहा," तिने सुरुवात केली, "सहा दुणे बारा, सहा त्रिक अठरा." शाळेतला जुना सूर तिच्या आवाजात आला. सहा सत्तेपर्यंत ती बरी गेली, मग कुठेतरी चुकली, हसली, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. "मोपाक मशीन आकडो दाखयता गो. सवयच गेली. सहा एके सहा..."

 गोणपाट बाजूला करून सेजलने जुड्या काढल्या, एक, दोन, अशा सहा, आणि आईच्या समोर धरून वाट बघत उभी राहिली. सुविधा म्हणत म्हणत सहा नवे चोपन्नला पोचली तेव्हा तिचं लक्ष लेकीच्या हातांकडे गेलं.

"ह्यो सा जुड्यो?"

"नवाच्यो बांधल्यो. एकेक ओळीत घातल्यार एक उभी ओळ होता. सरल्यार बघ, एकय उरूची नाय."

सुविधाने एक जुडी सोडली, मोजली. नऊ. दुसरी सोडली नाही. वाकली आणि लावायला लागली. तिची बोटं या कामाची नव्हती, पहिली दोन रोपं आडवी झाली, सेजलने मागून येऊन ती सरळ केली आणि मुळाशी अंगठ्याने माती दाबून दाखवली. असं. सुविधाने तसं केलं. तीन ओळी झाल्या. चार झाल्या. मेरेवर गौरवी हातातल्या घड्याळाकडे बघायची थांबली होती.

"ताई," सुविधा वाकलेलीच म्हणाली, "ह्या वरसा रवांदी तां हांगाच."

"तूच म्हणालीस ना, पाठ झाले तर."

"म्हणलेलंय."

"आणि सातचा, आठचा?"

"आठवड्यात इतले येतत तर तेय येतले. माझो साचो कितक्या वरसांनी सरकता तां आयकलंस मां?" तिने कोपराने कपाळावरचा केस मागे सारला आणि तिथे चिखलाची रेघ उमटली. "मिरची लागली की काडूक माणसां होयी. तेका मोजून काडूक येता. बाबांक नाय."

गौरवी हसली. तिचं हसू बहिणीपेक्षा उशिरा येतं, पण आलं की राहतं. "परीक्षेला मी बसवणार तिला, सांगून ठेवते," ती म्हणाली. "माझ्याच मेजावर."

"बसय," सुविधा म्हणाली.

 सेजल पुढच्या ओळीला लागली होती, पण तिच्या पायाची बोटं मातीत आत-बाहेर, आत-बाहेर होत होती, ते कृष्णनाथाला दिसलं. त्याने गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि तोंड फिरवून कालव्याकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

गौरवी निघाली तेव्हा पाचवर काटा गेला होता. सेजलची पिशवी ठेवायला म्हणून तिने स्कूटरवर पाय ठेवायची जागा रिकामी करून आणली होती. शेवंतीने मळ्याच्या कोपऱ्यातून एक मोठा तांबडा भोपळा तोडून आणला आणि तिथे बसवला. तो बरोबर बसला.

"एवढा मोठा," गौरवी म्हणाली.

"हो इल्लोसो," कृष्णनाथ पुढे झाला. आठवडाभर आवळून ठेवलेली जीभ सुटली. "ह्याच वेलीक गेल्या वरसा दोनशें धरलेले. आमी ते बाजारात व्हरून व्हरून..."

"आजो," सेजलने वाफ्यातून मान वर न करता म्हटलं, "ओळी किती?"

कृष्णनाथ थांबला. स्कूटर सुरू झाली होती, गौरवी ऐकायला थांबली होती.

"वीस भोपळे," तो म्हणाला. मग सेजलच्या वाकलेल्या पाठीकडे एकदा बघितलं. "दोन कुसले."

"अठरा," सेजल म्हणाली, आणि पुढचं रोप मातीत दाबलं. "मागीर काय झालां?"